वजन अंगाशी धरा

अर्धांगवायूने आडव्या झालेल्या नवऱ्याला खुर्चीत बसवताना काल दोघंही फरशीवर आपटले होते. म्हणून ती सकाळपासून मोबाइलवर वजन उचलायचे व्हिडिओ धुंडाळत होती. एक मेला नुसते दंड दाखवत होता, दुसरा नुसता बोंबलत होता. तिसरा नीट सांगत होता: गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, वजन अंगाशी धरा.

"हा शहाणा दिसतोय," ती म्हणाली.

तिने तांदळाचं पोतं तीनदा उचललं. जमलं! मग नवऱ्याच्या काखेत हात घातले. तो जेमतेम वीतभर उठला आणि तिच्या कंबरेत कळ आली. व्हिडिओ चालूच होता: "झेपत नसेल तर वजन सोडून द्या."

"ऐकलंस?" नवरा तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला. "शहाणा माणूस आहे. ऐक त्याचं."