अकरा नंबरची कॅसेट

मित्रांनो, शेवटचा नंबर आलेल्याला कसं वाटतं ते मला विचारा. माझ्या पाठीवर कितीतरी वर्षं पांढऱ्या रंगात ११ हा आकडा होता. मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्यासारखी वस्तू तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलीही नसेल. माझ्या पोटात तपकिरी फीत आहे आणि तिच्यावर एका विलायती रॉक बँडचा आठवा अल्बम आहे.

बँडचं नाव कॉपर अल्मनॅक. चाळीस वर्षांत त्यांनी अकरा स्टुडिओ अल्बम काढले. माणसं आली, भांडली, निघून गेली, तरी बँड चालूच राहिला. त्यांची गाणी एवढी लांब, की एकच गाणं कॅसेटची अख्खी बाजू खातं. बीड जिल्ह्यातल्या केजच्या बसस्टँडजवळ जलालुद्दीन यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या मोठ्या भावाने आम्हाला सौदीतल्या दम्मामहून एकेक करून पाठवलं. गाण्यांतले शब्द जलालुद्दीन यांना फारसे कळत नसत, पण पहिल्या कॅसेटनेच त्यांना वेड लावलं. ते वेड त्यांनी आपल्या दोस्तालाही लावलं. हे दोस्त म्हणजे केज ते युसूफ वडगाव जीप चालवणारे बंकट.

दरवर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघे बसत. दुकानाच्या मागेच घर. जलालुद्दीन यांच्या पत्नी रहिमाबी आतून शीरखुर्मा आणून देत. मग आम्हा अकरा जणींना काउंटरवर मांडून नंबर ठरत. बंकट यांची कसोटी सोपी होती. केजहून जीप निघाली की गाणं लावायचं. वडगाव आलं तरी खाली उतरावंसं वाटलं नाही, तर अल्बम चांगला. जलालुद्दीन यांचा जीव मात्र निळ्या कव्हरच्या तिसऱ्या अल्बममध्ये.

"जुना गाणारा गेला अन् बँडच गेला बे," बंकट म्हणत.

"मग सातव्याला कावून डोक्यावर घेतो? त्येच्यात तर नवाच गातोय!"

अशी तासन् तास हुज्जत चाले. शेवटचा नंबर तेवढा बिनविरोध असे. "हिच्यात निस्ते ढोल बडवतेत," म्हणून बंकट मला बाजूला सारत. पुढे पुढे तर मला न ऐकताच अकरावी ठेवू लागले. मला फार राग यायचा.

एकदाच कुणीतरी माझी बाजू घेतली. वाट्या उचलता उचलता रहिमाबी म्हणाल्या, "बंकटभाऊ, मला तर हीच बरी वाटती. ढोल झाल्यावर हे वाजवणारे लोक जरा वेळ गप बसतेत."

"भाभी, तुमाला त्यातलं काय कळतंय!" बंकट म्हणाले आणि दोघे हसले.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन खाचा असतात. त्या मोकळ्या असल्या की तिच्यावर नवा आवाज भरता येत नाही. जलालुद्दीन यांनी माझ्या खाचांवर कागद चिकटवला. दुरुस्तीला आलेल्या टेपचं रेकॉर्डिंग तपासायला मीच! फीत सुरुवातीला आणायची, लाल बटण दाबायचं आणि "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" असं दहापर्यंत म्हणायचं. तेवढ्यात हटकून आतून रहिमाबींची चहाची हाक येई आणि तीही माझ्यावर उमटे. पुढच्या वेळी त्याच जागी नवा आवाज भरला की जुना पुसला जाई. अशा कितीतरी हाका आल्या आणि गेल्या. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही, मलासुद्धा.

मग टेप दुरुस्तीला येणंच थांबलं. शेवटच्या तपासणीची रहिमाबींची हाक तशीच माझ्यावर राहिली. त्या दिवशी लाल बटण दाबल्या दाबल्याच त्या आतून हसत हसत बरंच काही बोलल्या होत्या. मला ते शब्दन् शब्द पाठ होतं.

गेल्या हिवाळ्यात रहिमाबी वारल्या. त्यांची नात जिनत हिने घरातले सगळे मोबाइल धुंडाळले. फोटो सापडले, आवाज सापडला नाही. कॅमेरा दिसला की त्या तोंडावर पदर घेऊन गप्प होत.

"कहींच नहीं क्या गे?" जलालुद्दीन रोज विचारत.

मित्रांनो, मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. पण कुणी लावल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला युसूफ वडगावच्या सत्यशीलाबाईंचा टेप दुरुस्तीला आला. भजनी मंडळासाठी त्यांना रेकॉर्डिंग चालू हवं होतं. जलालुद्दीन यांनी दुरुस्ती केली, सवयीने न बघता हात मागे नेला, ओळीतली शेवटची कॅसेट काढली आणि लाल बटण दाबलं.

"हॅलो. एक. दोन. तीन."

आता त्यांना पूर्वीची उमेद नव्हती. एकेक आकडा सावकाश म्हणत ते तीनवरच थांबले. भरलेलं ऐकायला त्यांनी मला मागे नेऊन लावलं. त्यांचा आवाज आला, खट्ट झालं, आणि पाठोपाठ—

"...ठंडी हो रई. आव ना."

ते उठून आतल्या दाराच्या पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "मैंच पोंछ दिया," म्हणत ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. जिनतने उरलेले शब्द मोबाइलवर उतरवून घेतले. जलालुद्दीन यांनी माझ्या खाचांवरचा कागद सोलून काढला.

यंदाच्या ईदला शीरखुर्मा जिनतने केला. दुसऱ्या दिवशी बंकट आले तेव्हा मी ओळीत पहिली होते. ते हुज्जत घालायच्या तयारीतच होते. जलालुद्दीन यांनी मला लावलं.

ऐकून झाल्यावर बंकट म्हणाले, "त्येच्या आधी काय म्हनल्या हुत्या भाभी?"

"त्येच तर आठवत न्हाई."

बंकट यांनी मला हातात घेतलं आणि नखाने पाठीवरचा एक आकडा खरवडून टाकला. एकच उरला.

मित्रांनो, आधीचं मलाही आता आठवत नाही. फीत पुसली की कॅसेटची आठवणही जाते. म्हणून सांगते, कुणालाही न ऐकता शेवटचा नंबर देऊ नका. आणि घरातून कुणी चहाला हाक मारली, तर हातातलं काम ठेवून आधी जा.