फेवरोनियाची शेवटची अंघोळ

गावातल्या जवळजवळ सगळ्या मेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ सेबिहानेच घातली होती. हे काम तिच्याकडे सासूकडून आलं होतं. डोब्रुजा प्रांतातल्या त्या मुसलमान तातार वस्तीत कुणाची आई गेली, बहीण गेली, की माणूस आधी सेबिहाचं दार वाजवायचा आणि मग होजाकडे, म्हणजे मशिदीच्या इमामाकडे, जायचा.

फेवरोनिया मात्र तिच्या लोकांतली नव्हती. कुंपणापलीकडची ही शेजारीण लिपोवान, म्हणजे जुन्या रीतीची रशियन ख्रिस्ती. नवरा आर्तेम चुली-भट्ट्या बांधणारा गवंडी. कामाच्या निमित्ताने इथे आला आणि इथलाच झाला. त्यांचे नातेवाईक वीस किलोमीटरवर, तळ्याकाठच्या लिपोवान गावात. मूलबाळ नव्हतं. आर्तेम जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आता गावात ख्रिस्ती म्हणावी अशी ती एकटीच उरली होती.

परधर्मीयाच्या भांड्यात ते लोक खातपीत नाहीत. म्हणून फेवरोनियाने सेबिहासाठी एक निळा कप वेगळा ठेवला होता. सव्वीस वर्षं सेबिहा त्याच कपातून चहा पीत आली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ज्या घरात डुकराची चरबी तापते तिथला चहा सोडून तीही कशाला हात लावत नसे.

"तुझा कप दुसरं कुणी उष्टावत नाही," फेवरोनिया म्हणायची. "राणीचा मान आहे तुला."

"मग राणीच्या चहात साखर घाल जरा," सेबिहा म्हणायची.

त्या फेब्रुवारीत दोन दिवस हिमवादळ झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी फेवरोनियाच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. सेबिहा फावड्याने वाट काढत गेली. फेवरोनिया पलंगावर होती, डोक्याचा रुमाल नीट बांधलेला, अंग गार. रस्ते छातीएवढ्या बर्फाखाली गेले होते. तळ्याकाठच्या गावाला निरोप धाडायचा तर वाट मोकळी व्हायला हवी आणि ती कधी होईल हे कुणाला सांगता येईना.

सेबिहा होजाकडे गेली. जेवात होजा तिच्यापेक्षा वयाने लहान, शब्द जपून वापरणारा. त्याने बराच वेळ दाढी कुरवाळली. मुसलमान नसलेल्या बाईला आपल्या रीतीचं स्नान नाही, असं त्याने सांगितलं. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "पण आपा, शेजाऱ्याला तसंच टाकायचं हेही आपल्यात नाही. तिची अंघोळ तिच्या रीतीसारखी घाला. आपलं काही त्यात मिसळू नका."

तिच्या रीतीसारखी म्हणजे कशी, हे सेबिहाला थोडंफार ठाऊक होतं. आर्तेम गेला तेव्हा तळ्याकाठची माणसं आली होती आणि ती दारात उभी राहून सगळं पाहत होती, एखादा सुतार दुसऱ्या सुताराचं काम पाहतो तसं. फेवरोनियाची पेटीही तिला माहीत होती. पांढरा लांब सदरा, हाताने विणलेला कमरपट्टा, कातडी जपमाळ, कफन, सगळं घडी घालून तयार होतं. हे सामान फेवरोनिया दर वसंतात उन्हात घालायची आणि कुंपणावरून सेबिहाला दाखवायची, नवरीने रुखवत दाखवावं तसं.

सेबिहाने पाणी कोमट केलं, दार लावून घेतलं आणि कामाला लागली. गळ्यातला क्रूस तिने काढला नाही, ओलं फडकं त्याच्या दोरीखालून फिरवलं. अंग पुसून झाल्यावर पेटीतला सदरा घातला, पट्टा बांधला आणि हात सवयीने अंगालगत सरळ ठेवले. मग आठवलं तसे उचलून छातीवर घेतले, उजवा वर, डावा खाली. देवाच्या कोपऱ्यातला दिवा विझला होता, तो लावला. प्रार्थनेचं जाड पुस्तक शेल्फवर होतं. त्यांच्यात माणूस पुरेपर्यंत ते वाचत राहतात, पण ती अक्षरं तिला येत नव्हती. पुढचे तीन दिवस ती सकाळ-संध्याकाळ त्या थंड खोलीत येऊन दिव्यात तेल घालत राहिली आणि थोडा वेळ नुसती बसत राहिली.

चौथ्या दिवशी वाट मोकळी झाली. निरोप गेला आणि दुपारी घोड्याच्या घसरगाडीतून फेवरोनियाची धाकटी बहीण उस्तिनिया आली. सोबत पुस्तक वाचणारे नाझारबाबा होते, छातीपर्यंत दाढी असलेले. उस्तिनिया बहिणीजवळ बसली. तिने सदरा पाहिला, पट्ट्याची गाठ पाहिली, हात पाहिले.

"हे कुणी केलं?" नाझारबाबांनी विचारलं.

सेबिहा पुढे झाली. आपण काय काय केलं ते तिने क्रमाने सांगितलं. क्रूसाची खूण केली नाही, कारण ती आपली नाही, हेही सांगितलं. मग थांबली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण तिला ते जमेना.

"एक चूक झाली," ती म्हणाली. "पहिला तांब्या ओतताना तोंडून बिस्मिल्ला निघून गेलं. सवयीनं. मला म्हणायचं नव्हतं."

नाझारबाबांचा चेहरा कठोर झाला. दुसऱ्या धर्माचा मंत्र म्हटलेलं पाणी अंगावर पडलं आहे, तेव्हा पुन्हा अंघोळ घालायला हवी, गावातून बायका आणतो, असं ते म्हणाले. सेबिहाने मान खाली घातली. तीस वर्षांत आपल्या हातच्या मढ्याला कुणी पुन्हा धुवायला निघालं नव्हतं. 

उस्तिनियाने तिच्याकडे पाहिलं. "त्या शब्दाचा अर्थ काय?"

"देवाच्या नावानं."

उस्तिनियाने बहिणीच्या सदऱ्याची बाही सारखी केली. मग नाझारबाबांना म्हणाली, "माझ्या बहिणीला मी दुसऱ्यांदा उघडी करू देणार नाही. या बाईने न सांगता लपवलं असतं, तर तुम्हाला काय कळणार होतं? तुम्ही वाचायला बसा."

तिने दोन बोटं जुळवून बहिणीच्या कपाळावर, छातीवर आणि खांद्यांवर क्रूस काढला. नाझारबाबा क्षणभर उभेच राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि वाचू लागले. आवाज आधी रुष्ट होता. पानं उलटत गेली तसा निवळला.

दुसऱ्या दिवशी घोडा न जुंपता तातार माणसांनीच फेवरोनियाची घसरगाडी तळ्याकाठच्या गावापर्यंत ओढत नेली. होजाही सोबत चालला. चर्चच्या आत त्यांना प्रवेश नव्हता. सेबिहा फाटकाबाहेर बर्फात उभी राहून आतलं गाणं ऐकत होती. मध्येच एक म्हातारी बाहेर आली आणि तिच्या पायाखाली पोतं अंथरून आत गेली.

चाळिसाव्या दिवशी उस्तिनिया पायी आली. रीतीप्रमाणे अंघोळ घालणाऱ्या बाईला द्यायचा टॉवेल तिने आणला होता, लाल काठाचा. सेबिहाने तो दोन्ही हातांनी घेतला.

"चर्चमध्ये ज्यांच्यासाठी प्रार्थना होते त्यांच्या नावांची वही असते," उस्तिनिया म्हणाली. "तुझं नाव घाला म्हणून मी नाझारबाबांना विचारलं. ते म्हणाले, घालता येत नाही. मी भांडले नाही. नियम तो नियम."

"बरोबर आहे त्यांचं," सेबिहा म्हणाली. "आमच्याकडेही नसतं चाललं."

"म्हणून प्रार्थनेत तुझं नाव मी घरीच घेते. सकाळी, माझ्या मनात. तुला चालेल का, एवढंच विचारायला आले."

सेबिहाने टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली. चालेल, असं ती म्हणाली, आणि आपल्या आईचंही नाव सांगितलं, म्हणजे देवाला सांगताना कोणती सेबिहा असा घोटाळा नको.