लाल पट्टीचे काडतूस

मित्रांनो, मी एक जुने काडतूस आहे, पण मला भिण्याचे कारण नाही. माझ्या पोटात दारू नाही आणि बुडाला पेटणारी टोपीही नाही. पिस्तुलाच्या सुट्या केलेल्या नळीत पडायचे आणि पुन्हा बाहेर यायचे, एवढ्यासाठीच मला घडवले गेले.

माझा जन्म कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातल्या एका गॅरेजमध्ये झाला. दिलीपकाका तिथल्या पोलादाच्या कारखान्यात नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या क्लबात जात. गोळ्या ते घरीच ओतत. गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात ती जुनी शिशाची वजने ते टायरच्या दुकानातून आणत आणि धूर साचू नये म्हणून गॅरेजचे दार उघडे टाकून वितळवत, मग बाहेर बर्फ का पडेना.

शिशाची ओतीव गोळी कारखान्यातल्या गोळीपेक्षा केसभर जाड ठेवावी लागते. तिथेच सगळी कसोटी असते. पिस्तुले वरून सारखी दिसली तरी काडतूस जिथे बसते ते नळीचे मागचे तोंड प्रत्येकाचे वेगळे असते. एका नळीत सहज उतरणारे काडतूस दुसरीत अर्ध्यावर अडते. म्हणून काका प्रत्येक पिस्तुलासाठी एक बिनदारूचा नमुना करत आणि गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीत किती खोल बसवायची, ते त्या नमुन्यावरून ठरवत.

मी नंदनच्या पिस्तुलाचा नमुना. नंदन मूळ नागपूरचा, टोरोंटोत सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि नेमबाजी काकांकडे शिकला. त्याच्या नळीचे तोंड फार चिंचोळे. माझी गोळी तीनदा खोल करावी लागली, तेव्हा कुठे मी ‘टक्’ आवाज करून तळाशी बसलो. ओळख पटावी म्हणून काकांनी माझ्या अंगावर नेलपॉलिशची लाल पट्टी ओढली.

“माझी नेलपॉलिश गोळ्यांना?” माधवीकाकू दारातून म्हणाल्या. “पंचवीस वर्षांत कधी माझ्या बोटांना लावली नाहीत ती!”

“तुझी बोटं मी न बघता ओळखतो,” काका म्हणाले.

काकांच्या स्वतःच्या जुन्या पिस्तुलाची नळी ऐसपैस होती. तिच्या नमुन्याला त्यांनी तपकिरी पट्टी दिली. आम्ही दोघे एकाच डबीत शेजारी राहत होतो.

त्यांची मुलगी सुनेत्रा लहानपणापासून हातमोजे घालून त्यांच्या बाजूला बसे. काका काडतूस नळीत सोडत आणि विचारत, “आवाज आला?” नळी उलटी केल्यावर ते आपल्या वजनाने बाहेर पडले पाहिजे. अंगठ्याने दाबायचे नाही, हा त्यांचा नियम. सुनेत्रा तो इतका काटेकोर पाळे, की एकदा तिने त्यांनी पास केलेली चार काडतुसे परत काढायला लावली होती. त्या दिवशी काकांनी रात्री जेवताना सगळ्यांना तेच सांगितले.

ती माझी भरभराटीची वर्षे. क्लबात लोक म्हणत, दिलीपच्या हातचे काडतूस कधी अडत नाही. ते मी अनेकदा ऐकले. मला त्याचा अभिमान होता.

मग काकू गेल्या. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. गेल्या हिवाळ्यात ते क्लबातल्या वार्षिक सामन्यासाठी दोनशे काडतुसे भरायला बसले. डबी उघडली, खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्याऐवजी तपकिरी पट्टीवाल्याला उचलले. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. दोनशेच्या दोनशे गोळ्या त्याच्या मापाने बसल्या, आणि काकांच्या ऐसपैस नळीत तपासताना अडल्याही नाहीत. काकांनी खोक्यांवर ‘नंदन’ आणि ‘मैत्रेयी’ अशी नावे आणि खाली ‘दोनशेपैकी शंभर’ असे लिहिले. मैत्रेयी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नर्स आहे, आणि तिच्या पिस्तुलाची नळीही नंदनच्या नळीइतकीच चिंचोळी, म्हणून दोघांना नमुना मीच. तिचे खोके काकांनी लगेच पोचवले; नंदनचे गॅरेजमध्येच राहिले. मार्चमध्ये काका गेले.

त्यांची पिस्तुले तिथल्या नव्या कायद्याने मुलीच्या नावावर होण्यासारखी नव्हती. ती पोलिसांकडे जमा झाली. सुनेत्राने फॉर्म भरले, सह्या केल्या. गॅरेज मात्र ती टाळत राहिली आणि मी अंधारात पडून राहिलो. जूनमध्ये क्लबाने सामना काकांच्या नावाने ठेवला. सुरुवातीला सगळ्यांनी काकांच्या हातच्या पाच-पाच गोळ्या झाडायच्या, असे ठरले. सुनेत्राने नंदनचे खोके घेतले आणि जाताना माझी डबीही.

क्लबात नंदन कॉफी घेऊन उभाच होता.

“नळी काढ,” सुनेत्रा म्हणाली. “आधी घालून बघू.”

“काकांचं काडतूस तपासायचं? बाप्पा! देवळात जाऊन देवाचं आधार कार्ड मागण्यासारखं झालं हे, ताई.”

“ते स्वतः तपासल्याशिवाय देत नसत. काढ.”

त्याने पिस्तूल रिकामे असल्याची खात्री केली आणि नळी सुटी करून तिच्या हाती दिली. आधी तिने मला सोडले. टक्. नळी उलटली, मी तिच्या तळहातावर आलो. मग खोक्यातले पहिले काडतूस सोडले. ते अर्ध्यावर थांबले. दुसरेही. तिने वीस तपासली. वीसही अडली.

“जरासं दाबलं तर जाईल,” नंदन म्हणाला.

“नाही दाबायचं. नळीचं मागचं तोंड नीट बंद झालं नाही आणि उडालं, तर तुझा हात जाईल.”

तिने मला आणि तपकिरी पट्टीवाल्याला शेजारी धरले, मग खोक्यातले एक आमच्यामध्ये. ते तपकिरीइतकेच लांब होते. काय झाले, ते तिला कळले. काकांना लाल आणि तपकिरी वेगळे दिसले नव्हते.

तिकडे तिसऱ्या टेबलापाशी मैत्रेयी कानावर संरक्षक चढवत होती. तिचे खोके उघडे होते.

“ताई, मी तिला हळूच सांगतो,” नंदन कुजबुजला. “दमट झालीत म्हणतो. आज काकांचा दिवस आहे. त्यांच्याच नावाच्या सामन्यात त्यांचीच चूक कशाला?”

सुनेत्राने मान हलवली, पण हो म्हणून नाही. “दमट झाली म्हटलं तर ती वाळवेल आणि पुढच्या आठवड्यात वापरेल.”

मला मुठीत धरून ती तिसऱ्या टेबलाकडे गेली. सगळे बघत होते.

“मैत्रेयी, ही वापरू नकोस. बाबांनी माप चुकवलंय. त्यांना दिसत नव्हतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.”

मैत्रेयीने संरक्षक उतरवले, खोके बंद केले आणि तिच्याकडे सरकवले. “आणखी कुणाकडे आहेत?” तिने एवढेच विचारले.

“मोजू या,” सुनेत्रा म्हणाली.

दोन्ही खोकी मिळून दोनशे भरली, म्हणजे बाहेर एकही गेले नव्हते. सामना एक तास उशिरा, विकतच्या काडतुसांवर सुरू झाला.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा तरी हात वर्षानुवर्षे चुकलेला नसेल. त्याच्या कामाचे कौतुक करा, पण ते काम मधूनमधून तपासतही जा, आणि त्याला नीट दिसते का, हे तो जिवंत असतानाच विचारा. सुनेत्राने ते विचारले नव्हते. परतताना गाडीत ती हे स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, आणि ऐकायला फक्त मी होतो.