तिसऱ्या सिलिंडरची कॉइल

डबा हातात देताना आईने आवाज खाली आणला. "खरं सांग, बाबांच्या हातून अजून काम होतंय ना? गॅरेज सुटलं तर हा माणूस खचून जाईल." गेल्या आठवड्यात बाबा हातात धरलेलाच पाना गॅरेजभर शोधत होते, हे मी तिला सांगितले नव्हते. "संध्याकाळी सांगतो," एवढेच म्हणून निघालो. बाबा नेहमीसारखे आधीच पुढे गेले होते.

गॅरेजवर टॅक्सीवाला येऊन बसला होता. त्याची गाडी चढावर खोकत असे आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझत नसे. आदल्या दिवशी स्कॅनर लावला तेव्हा कोड आला होता : तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नव्हते. कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. कारण शोधण्याची रीत मला बाबांनीच शिकवली होती. प्रत्येक सिलिंडरवर ठिणगी देणारी एक कॉइल असते. तिसऱ्यावरची पहिल्यावर बसवायची, पहिल्यावरची तिसऱ्यावर, मग कोड पुसून गाडी चालवायची. "दोष कॉइलचा असेल तर तिच्या मागोमाग जाईल," ते म्हणत, "इंजिनाचा असेल तर जागा सोडणार नाही." आदल्या संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी मी ती अदलाबदल करून ठेवली होती, संशयित कॉइलवर खडूने तीनचा आकडा घालून, वरचे झाकण लावून.

सकाळी गाडी चढावर नेली. दिवा पेटला. कोड पुन्हा तिसऱ्याचाच.

"कॉइल नाही," मी टॅक्सीवाल्याला सांगितले. "दोष आत आहे. इंजिनाचं हेड खोलावं लागेल."

तो बॉनेटला टेकला. "म्हणजे मी घरी बसून बायकोची बोलणी खायची. उस्ताद, तुम्ही नुसती नाडी बघायचात. हा तर थेट पोट फाडायला निघाला."

"त्यालाच विचारा," बाबा स्टुलावरून म्हणाले. "मी आता शोभेचा."

मी झाकण काढले, तिसऱ्या सिलिंडरवरची कॉइल उपसली. तिच्यावर माझ्याच अक्षरातला तीन होता.

"बाबा, हे तुम्ही उघडलं होतं?"

"सकाळी आल्या आल्या." ते जवळ आले आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलले. "तीनची कॉइल एकवर बसली होती. जागच्या जागी लावली. आकडा घातलेला असताना असं चुकू नये रे, बाळा."

त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ माया होती. ज्या रीतीने त्यांनी मला हा धंदा शिकवला, ती त्यांच्यातून निघून गेली होती, आणि ती गेल्याचे त्यांना जाणवलेही नव्हते.

मी पुन्हा अदलाबदल केली आणि गाडी चढावर नेऊन आणली. या वेळी कोड पहिल्या सिलिंडरचा आला. दोष कॉइलमागोमाग सरकला होता.

बाबांनी स्कॅनर डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "पहिला. तू तिसरा वाचलास."

"हो. माझंच चुकलं."

"अजून थोडं शिकवा पोराला, उस्ताद," टॅक्सीवाला म्हणाला. हेड खोलावे लागणार नाही या सुटकेने त्याचा आवाज सैल झाला होता. बाबा हसले. असे मोकळे हसणे मी कित्येक दिवसांत ऐकले नव्हते.

त्या हसण्यातच ते पाना घेऊन शेजारच्या गाडीकडे वळले. तिच्या ब्रेकचे काम त्यांनी काल संपवले होते. आज ती मालकाच्या हवाली व्हायची होती. मी खाली बसलो आणि पुढच्या चाकाच्या नटाला बोट लावले. तो बोटाने फिरला. दुसराही फिरला.

"कालच आवळलेत सगळे," बाबा म्हणाले.

मी उठून त्यांच्या हातातला पाना घेतला. त्यांची मूठ पाना अजून हातात असल्यासारखी अर्धवट मिटलेली राहिली.

संध्याकाळी आईने माझ्याकडे पाहिले. मी पायांतले बूट काढत राहिलो. बाबांनी उतरवून ठेवलेला कामाचा सदरा तिने उचलला, धुण्यात टाकला नाही. त्याची घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला.