मी घरघरणारा अल्बम

मी एक अल्बम बोलतोय. लग्नाच्या फोटोंचा नव्हे, संगीताचा. तसं बोलतोय म्हणणंही जरा जास्तच झालं. मी घुमतो, मध्येच घरघरतो.

माझा जन्मदाता कवळ्या बनवतो. दिवसभर परक्यांचे दात घासून घरी आला, की जर्मनीतल्या जुन्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या तबकड्या लावून डोळे मिटून बसायचा. एकच ठेका, एकच सूर, संपता संपत नाही! त्याच नादात त्यानं कवळ्यांना चकाकी आणणाऱ्या यंत्राचा आवाज टिपला, रबरासारखा ताणला, त्यात जुन्या कीबोर्डचा सूर मिसळला आणि झालो मी. ना शब्द, ना चाल.

बायकोनं बराच वेळ मान डोलावली. मग म्हणाली, "वाद्यं छान लागली हं. आता गाणं कधी सुरू होणार?"

"हेच गाणं आहे."

"असं होय," म्हणाली आणि बसल्या जागी घोरायला लागली. पुढे दर वेळी हेच. मेहुण्यानं तर स्पीकरच्या वायरी हलवून पाहिल्या. माणसं पोळी फुगेपर्यंत दम धरतात, पण गाण्यात काही घडेना झालं की लगेच चुळबुळतात.

माझा बाप पार खचला. "एकानं तरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच मागतोय. नाहीतर पुसूनच टाकतो!" एका रविवारी त्यानं मला अखेरचं लावलं. मी संपलो. त्यानं पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात दार वाजलं. बायकोनं उघडलं, तर शेजारच्या काकू तरातरा आतच. मागे हातात पाना घेतलेला फ्रीजवाला मिस्त्री.

"तो आवाज तुझा होय रे? आणि मी बिचाऱ्या फ्रीजला नावं ठेवत्येय! आज यानं प्लग काढला तरी घरघर चालूच, तेव्हा कळलं."

"चुकलं काकू. आता नाही येणार आवाज. पुसतोच आहे."

"थांब, आधी सांग. संपत आलं की पाणी ठिबकल्यासारखं होतं, ते काय असतं? रोज तिथंच माझा जीव वरखाली होतो. मग सगळं एकदम गप्प! उठून फ्रीजचं दार उघडते, आतला दिवा लागतोय ना बघते."

बापानं मान वर केली. "काकू, तुम्ही शेवटपर्यंत ऐकता?"

"ऐकते कसली! फ्रीजपुढे पाट घेऊन बसते. बंद पडला तर कळायला नको?"

बापानं बटणावरचं बोट हळूच उचललं आणि काकूंना खुर्ची दिली.

आता काकू इकडेच येतात, भाजी निवडत ऐकतात. ठिबकणं जवळ आलं की बायकोला कोपरानं ढोसतात, "ऊठ गं, आता बघ!"

तर मंडळी, भिंतीपलीकडून घरघर आली, तर आधी जरा बसून ऐका. मी असेन कदाचित. नसलोच, तर मात्र मिस्त्रीला बोलवा.