जसा मोसम, तसा खून

बोर्गिल्डबाईंच्या घरात एक नियम होता. जसा मोसम, तसा खून. उन्हाळ्यात बोटीने किनाऱ्याला निघालं की पिशवीत दीपगृहातल्या खुनाची कादंबरी असायची. पानगळीत आगगाडीने बर्गनला बहिणीकडे जायचं, तर पुस्तकातही रेल्वेच्या डब्यात कुणीतरी गळा आवळलेला सापडायलाच हवा. आणि ईस्टरला डोंगरातल्या लाकडी घरी जायचं म्हणजे बर्फ, वादळ, बंद पडलेला रस्ता आणि चार-सहा माणसांत लपलेला एक खुनी. ईस्टरला रहस्यकथा तसा सगळा नॉर्वेच वाचतो. दुकानात संत्र्यांच्या ढिगाशेजारीच त्या रचून ठेवलेल्या असतात. पण बाईंइतकं काटेकोर कुणी नव्हतं.

मग एका ईस्टरला, गुड फ्रायडेच्या दुपारी, त्यांचा मुलगा स्टायनार तळ्यापलीकडे ओल्सेनांच्या घरी मित्राकडे जाऊन येतो म्हणून स्कीवर निघाला. धुकं उतरलं. तो मित्राकडे पोचला नाही आणि घरीही आला नाही. माणसं, कुत्री, हेलिकॉप्टर, सगळं झालं. बर्फ वितळल्यावर तळ्यात पाणबुडे उतरले. काही म्हणता काही हाती लागलं नाही.

त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली होती. मधल्या काळात बाईंचे यजमान गेले, मागोमाग बाईंची नजरही गेली. पण ईस्टरला डोंगरावर जायचं त्यांनी सोडलं नाही. मुलगी रागना त्यांना घेऊन यायची आणि दुपारभर वाचून दाखवायची. स्टायनारचं नाव मात्र त्या घरात कुणी काढत नसे. पुस्तकंही रागना पारखून आणायची. बर्फात हरवलेला माणूस त्यात नको, एवढं ती बघायची.

यंदा तिने जाडजूड पुस्तक आणलं होतं. पहिलं पान संपायच्या आत बाईंनी हात वर केला.

"कुठे घडतंय हे?"

"ग्रीसमध्ये. एका बेटावर."

"ग्रीस! बाहेर कंबरभर बर्फ, आणि मी लोकरीचे मोजे घालून ऑलिव्हच्या झाडाखाली बसू? घाम फुटायचा मला."

"आई, चांगलं आहे गं पुस्तक."

"असेल. जुलैत वाच. आत्ता फळीवरचं काढ. तुझ्या बाबांनी आणलेलं, अजून कुणी उघडलेलं नाही ते."

रागनाला कळलं ते कुठलं. स्टायनार गेला त्या ईस्टरला आणलेलं पुस्तक. ती जरा घुटमळली, पण आईपुढे तिचं कधी चाललं नव्हतं. तिने धूळ झटकली आणि वाचायला घेतलं. डोंगरातलं हॉटेल, तिथे उतरलेला एक तरुण शिक्षक, सकाळी तो स्कीवर जातो. पुढे काय येणार ते तिला दिसलं आणि तिने हळूच पान उलटलं.

"दोन पानं उलटलीस," बाई म्हणाल्या.

"नाही गं."

"डोळे गेलेत माझे, कान नाही. मागे जा."

रागना मागे गेली. शिक्षक परत येत नाही. पोलीसबाई येते आणि हॉटेलातल्या एकेकाला विचारते, तुम्ही त्याला शेवटचं कुठे पाहिलंत? बाईंनी चाचपत हात पुढे केला आणि पुस्तकावर ठेवला.

"थांब. आता हे मला विचार."

"काय?"

"तिने विचारलं तेच."

"आई, हे काय काढलंस? चहा करू का?"

"चहा नको. विचार. तेव्हा पोलिसांनी तुझ्या बाबांना विचारलं, शेजारच्या ओडवारला विचारलं. मला गोळी देऊन निजवून ठेवलं होतं. मला कुणी काही विचारलंच नाही, रागना."

चुलीत लाकूड तडतडत होतं. रागनाने पुस्तक मिटलं.

"तू त्याला शेवटचं कुठे पाहिलंस, आई?"

"या खिडकीतून. तळ्याकडे नाही गेला तो. कुंपणाशी थांबला, आणि खाली वळला. बर्चच्या झाडांकडे."

"खाली? पण तो तर ओल्सेनांकडे…"

"ते मला नको सांगूस. मी पाहिलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले. उठल्यावर पहिलं तेच बोलले. तुझे बाबा म्हणाले, 'तुला दाराचं कुलूप धड दिसत नाही, धुक्यातलं काय दिसणार?' डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते ना. पुढे मलाही वाटायला लागलं, नसेल दिसलं. मग मी तोंड मिटलं."

रागना दुसऱ्या दिवशी ओडवारकडे गेली. तेव्हाच्या शोधात तो पुढे होता. त्याने ऐकून घेतलं आणि कितीतरी वेळ हातमोजे नुसतेच उलटेसुलटे करत राहिला.

"तिकडे आम्ही गेलोच नाही," तो म्हणाला. "तुझे वडील म्हणाले तळं, सगळे तळ्याकडे धावलो. पण आत्ता जाऊन उपयोग नाही, पोरी. तिथल्या घळीत जुलैपर्यंत बर्फ राहतो."

जुलैत ओडवार पोलिसांना घेऊन उतरला. बर्चच्या झाडांखालून एक ओढा जातो, त्याच्या काठावर कडा तुटलेला आहे. खाली दगडांच्या सापटीत एक स्की सापडली, आणि तिच्या पलीकडे बाकीचं. कडा धुक्यात दिसला नसणार, एवढंच डॉक्टर सांगू शकले. मित्राकडे निघालेला माणूस तिकडे का वळला, हे कुणालाच सांगता आलं नाही. विचारायला कुणी उरलं नव्हतं आणि कुणी खुनीही नव्हता.

रागनाने शहरातल्या घरी येऊन आईला सांगितलं. बाई रडल्या नाहीत.

"म्हणजे खिडकीतून दिसतं तिथेच," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं तोंड तिकडे करून बसत होते."

"हो, आई."

ऑगस्टमध्ये स्टायनारला वडिलांशेजारी पुरलं. पाऊस रिमझिमत होता. ओडवार बाईंपुढे येऊन उभा राहिला आणि "मला माफ करा" म्हणाला. बाईंनी त्याचा हात थोपटला. लोक चर्चच्या दालनात कॉफी प्यायला गेले. बाई मात्र रागनाचा दंड धरून तिथेच उभ्या राहिल्या.

"तुझ्या बाबांना आता कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

आईचा कोट खांद्यावर भिजून जड झाला होता. रागनाने तो सारखा केला आणि तिला हळूहळू पायवाटेवरून आत घेऊन गेली.