लिटरला पाच

नवरा, एगन, गेल्यापासून बोडिलला रडू आलं नव्हतं. दफनाच्या दिवशी चर्चबाहेरच्या थंडीत उभं राहून तिने सगळ्यांचे हात हातात घेतले, मग कॉफी ओतली, केक कापला आणि घरी आल्यावर दाराशी ठेवलेले त्याचे बूट तिथेच राहू दिले. फोबोर्ग गावातल्या त्या घरात सगळं जिथल्या तिथे होतं. तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत, वीस लिटर बीयरची बादलीसुद्धा होती. हॉस्पिटलात जायच्या दोन दिवस आधी एगनने आंबायला लावलेली.

शेवटच्या दुपारी तो एवढंच म्हणाला होता, "नाताळची बीयर वाया घालवू नकोस. साखर या खेपेला तू ठरव."

साखरेवरून त्यांचं एकतीस वर्षं वाजत आलं होतं. बीयर आंबून शांत झाली की बाटल्यांत भरण्याआधी तिच्यात थोडी साखर घालायची. बंद झाकणाखाली यीस्ट ती खातं आणि बीयर फेस धरते. साखर कमी पडली तर बीयर मेलेली, जास्त झाली तर बाटल्या फुटायच्या. एगन लिटरला सात ग्रॅम घालायचा. तेवढ्या फेसाने बोडिलला उचक्या लागत. ती दर वर्षी पाच म्हणायची आणि तो दर वर्षी हसून सात घालायचा. आता हे एक तरी तिला नीट पार पाडायचं होतं. याखेरीज काही करावंसं तिला वाटतच नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी एगनचा धाकटा भाऊ व्हिगो झाकणं बसवायला आला.

"पाचच?" तो म्हणाला. "वहिनी, दादा काय म्हणायचा माहीत आहे ना? तुझ्या मापाची बीयर म्हणजे आपल्या पाद्रीबाबांचं प्रवचन. निम्म्यातच झोप लागते."

"तुला नको असली तर पिऊ नकोस."

"असं कुठे म्हटलं मी? फुकटची आहे, पिणारच."

काट्यावर वाडगा ठेवून तिने शंभर ग्रॅम साखर मोजली आणि उकळतं पाणी आणायला वर गेली. व्हिगो मोटारीतून झाकणांची पिशवी आणायला बाहेर गेला. ती किटली घेऊन परत आली तेव्हा काट्यावर एकशे चाळीस दिसत होते. साखर चमच्याच्या पाठीने सपाट केलेली होती, आणि चमचा वाडग्याच्या डाव्या बाजूला पालथा ठेवला होता, एगन ठेवायचा तसा.

"तू हात लावलास का रे याला?" व्हिगो दारातून आत येत होता, त्याला तिने विचारलं.

"कशाला? मी आत्ता येतोय."

काटा पुन्हा शंभरावर येईपर्यंत तिने चमच्याचमच्याने साखर काढली, व्हिगोला काट्यावरचा आकडा दाखवला आणि मगच ती पाण्यात विरघळवून बीयरमध्ये ओतली.

"शंभर," ती मोठ्याने म्हणाली.

"शंभर. मी साक्षीदार," व्हिगोने छातीवर हात ठेवला.

एकोणचाळीस बाटल्या काचेच्या भरल्या आणि एक प्लास्टिकची. काचेच्या आत काय चाललंय ते कळत नाही, म्हणून एक प्लास्टिकची भरायची आणि रोज अंगठ्याने दाबून बघायची. बीयर फेस धरेल तशी ती कडक होत जाते. हे काम एगनचं. सकाळी सातला तो खाली जायचा, बाटली बराच वेळ दाबून धरायचा, आणि त्याने अंगठा उचलला की खड्डा टक् करून वर यायचा, तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मग तो वर येऊन पांढरा पडलेला अंगठा तिच्या नाकासमोर धरायचा. "बघ हं, आता रक्त उतरेल," असं म्हणायचा, आणि अंगठा पुन्हा गुलाबी होईपर्यंत दोघं बघत राहायची.

बाटल्या भरल्याच्या चौथ्या दिवशी, सकाळी सात वाजता, राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी लावत असताना बोडिलला खालून आवाज आला. टक्.

तिने लोणी कडेपर्यंत नीट पसरलं. पाव खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज आला, तिसऱ्या दिवशीही. भीती वाटायला हवी हे तिला समजत होतं. पण ती भीती शेजारच्या घरात कुणाला तरी वाटत असावी, तशी लांब होती. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. आवाज आला त्या वेळी कॉफी नुकतीच ओतलेली असायची, आणि पुढचा घोट ओठाला लागायचा तो गार.

ती स्वतः दुपारी खाली जाऊन बाटली बघायची. दहाव्या दिवशी बाटली दगडासारखी लागली. पाच ग्रॅमला इतकी कडक व्हायला नको होती.

नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या, ॲडव्हेंटच्या रविवारी व्हिगो जेवायला आला. तिने चारांपैकी पहिली मेणबत्ती लावली. त्याने बाटली उघडली, तसा फेस तोंडातून उसळून टेबलक्लॉथवर उतरला.

"अगं वहिनी!" तो आनंदाने ओरडला. "हे पाच नाही हं. सात आहेत. अगदी दादाच्या हातची!"

"शंभर ग्रॅम घातली होती. तू होतास."

"हो, मी..." त्याचं हसू ओसरलं. "होतो की." पुढे तिच्याकडे न बघता त्याने ग्लास संपवला. निघताना कोट चढवत म्हणाला, "उरलेल्या बाहेर थंडीत ठेव. फुटतील."

त्याला निरोप देऊन ती तळघरात उतरली. तिला उचक्या लागल्या होत्या. प्लास्टिकची बाटली धुण्याच्या यंत्रावर एकटीच उभी होती, आणि तिच्या मधोमध खोल खड्डा होता, अंगठ्याएवढा. बोडिलने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले आणि दोन पावलं मागेच थांबली.

"एगन," ती म्हणाली, "या खेपेला मी ठरवणार होते ना?"

खड्डा तसाच राहिला. मग हळूहळू भरून आला. टक्. बाटली गुळगुळीत झाली.

ती वर आली. टेबलावर मेणबत्ती अजून जळत होती. ती विझवायला तिने खिशातून हात काढला, तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर चपटं, पांढरंफटक झालेलं होतं. तिने दुसऱ्या हाताने ते चाचपलं; काही जाणवलं नाही. आता रक्त उतरेल म्हणून ती बघत उभी राहिली. मेणबत्ती बोटभर जळून गेली, तरी रक्त उतरलं नव्हतं.